खाल्ल्या मिठाला जागणे



ऐतिहासिक प्रणयकथांचा एक ठरावीक साचा आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. आईबापांचे छत्र हरपलेल्या दोन बहिणी. समुद्रकाठी राहणाऱ्या कोणा दूरच्या नातलगाने त्यांना दिलेला आसरा. मध्यरात्री खिडकीतून दिसणारा कंदिलाचा हलता उजेड. सदैव कुलूप लावलेले तळघर. आणि जेवणाच्या वेळी ज्या विषयाचा उच्चारही करावयाचा नाही अशी एखादी जुनी घटना. हळूहळू उलगडा होतो, की या घराचे वैभव चोरट्या मालावर उभे आहे. थोरली बहीण घराण्याची अब्रू जपू पाहते, धाकटीचे मन तस्करांच्या तरुण म्होरक्यावर जडते, आणि अखेरच्या प्रकरणात रहस्यही फुटते व लग्नही लागते. असे पुस्तक आपण एका बैठकीत संपवितो आणि समाधानाने मिटून ठेवतो.

तथापि, पुस्तक मिटले तरी त्यातील एक प्रश्न मिटत नाही, आणि आज त्याच प्रश्नाविषयी मला तुमच्याशी बोलावयाचे आहे. ज्या घराने अनाथाला छप्पर दिले, त्या घराचे पाप झाकणे हे त्या अनाथाचे कर्तव्य आहे काय? खाल्ल्या मिठाला जागावे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. उपकाराची आठवण ठेवणारा हा सद्गुण थोर आहे, यात शंका नाही. परंतु जागावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे? डोळे उघडे ठेवावयाचे, की मिटून घ्यावयाचे?

या प्रकारच्या कथांतील बहुधा सर्वांत प्रसिद्ध कादंबरी म्हणजे डाफ्ने ड्यू मॉरिए या इंग्रज लेखिकेची १९३६ साली प्रसिद्ध झालेली ‘जमैका इन’. या नावाची सराई इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉल परगण्यातील बॉडमिनच्या ओसाड माळावर खरोखरीच आहे. ती १७५० साली बांधलेली. कादंबरीची नायिका मेरी येलन ही तेवीस वर्षांची शेतकरीण. वडील पूर्वीच वारलेले. आईही जाते, आणि मरताना मुलीकडून वचन घेते की माझ्या बहिणीकडे, पेशन्सकडे, राहावयास जा. मेरीला आपली मावशी आठवते ती हसरी, कुरळ्या केसांची, रेशमी फिती लावणारी तरुणी. प्रत्यक्षात दारात उभी असते ती जॉस मर्लिन नावाच्या राक्षसी नवऱ्याच्या धाकाने थरथरणारी, अकाली म्हातारी झालेली स्त्री. दोघी सख्ख्या बहिणी. एक विधवापणी शेत राबवून ताठ मानेने मेली, दुसरी नवऱ्याचे गुपित सांभाळता सांभाळता जिवंतपणीच विझून गेली.

मेरी आल्यानंतर थोड्याच दिवसांत रात्री गाड्या येतात, माल उतरतो, आणि तळमजल्यावर कोणा माणसाच्या जिवावर बेतल्याचे शब्द तिच्या कानी पडतात. पुढे जमीनदार व न्यायदंडाधिकारी बॅसॅट सराईची झडती घ्यावयास येतो. मेरीने सत्य सांगावे अशी हीच वेळ असते. पण ती आपल्याला ठाऊक असलेले सांगत नाही. तिचा मामला सरळ आहे: काका फासावर गेला तर मावशीचे काय होईल? मावशीखेरीज या जगात तिला कोणीही नाही. वाचकहो, त्या क्षणी आपण मेरीला दोष देत नाही. तिच्या जागी आपण असतो तर निराळे वागलो असतो काय?

मेरीच्या मौनाला आणखी एक आधार होता. आजूबाजूच्या प्रदेशात तस्करीला कोणी पाप समजतच नव्हते. हे समजून घेण्यासाठी कादंबरी बाजूला ठेवून त्याआधीच्या शतकाच्या इतिहासाकडे वळावे लागेल.

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये चहा, ब्रँडी, तंबाखू, रेशीम या वस्तूंवर जबर जकात होती. १७८४ पूर्वी चहावरील कर एकूण ११९ टक्क्यांपर्यंत पोहोचला होता. म्हणजे वस्तूच्या मूळ किमतीपेक्षा कर अधिक. त्यामुळे फ्रान्स-हॉलंडच्या किनाऱ्यावरून रात्री माल आणून विकणारा मनुष्य गरिबाला चोर न वाटता उपकारकर्ताच वाटे. कोळी नाव देई, शेतकरी घोडे देई, आणि गृहिणी स्वस्त चहा घेई. नॉरफोक परगण्यातील जेम्स वुडफर्ड या पाळकाने आपल्या रोजनिशीत मार्च १७७७ मधील एका रात्रीची हकिकत निरागसपणे नोंदवून ठेवली आहे. रात्री अकराच्या सुमारास घरची मंडळी निजावयास निघाली असता खिडकीखाली शीळ ऐकू आली आणि सारे घाबरले. तो नेहमीचा तस्कर होता. त्याने सहा पौंड चहा आणला होता. पाळकसाहेबांनी त्याला मद्य पाजले आणि पौंडाला साडेदहा शिलिंग या दराने पैसे चुकते केले. वुडफर्ड हे दुष्ट गृहस्थ नव्हते. गरिबांना घरी बोलावून जेवू घालणारे, दयाळू मनाचे होते. आपण काही वावगे करीत आहो अशी शंका त्यांच्या लेखणीला शिवलेली दिसत नाही, आणि मला विचार करावयास लावते ती हीच गोष्ट.

कॉर्नवॉलमध्ये तर प्रामाणिक तस्कराच्या दंतकथाच झाल्या. प्रशिया कोव्ह येथील जॉन कार्टरची गोष्ट अशी सांगतात: त्याच्या गैरहजेरीत अधिकाऱ्यांनी त्याचा माल जप्त करून पेन्झन्सच्या गोदामात ठेवला. गिऱ्हाइकांना दिलेला शब्द मोडू नये म्हणून त्याने रात्री गोदाम फोडून माल नेला. पण केवळ आपला तेवढाच नेला, दुसऱ्या कशालाही हात लावला नाही. सकाळी अधिकाऱ्यांनीच म्हटले म्हणे, की हा कार्टर असला पाहिजे, कारण तो सचोटीचा मनुष्य आहे. त्याचा भाऊ हॅरी कार्टर याने आपल्या जहाजावर शिवीगाळीला बंदी घातली होती. पुढे त्याचा पालट झाला आणि तो उपदेशही करू लागला. त्याचे आत्मवृत्त १८९४ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. अशी माणसे वाचकाला आवडावीत यात नवल काय? प्रणयकथेतील देखणा म्होरक्या जन्मास आला तो याच मातीतून.

कर अन्यायाचा होता, हे मान्य केलेच पाहिजे. १७८४ मध्ये पिटच्या सरकारने तो साडेबारा टक्क्यांवर आणला आणि चहाच्या तस्करीचा कणाच मोडला. कायदा वाईट असेल तर तो अर्धी प्रजा गुन्हेगार करून ठेवतो, हा धडा राज्यकर्त्यांनी विसरू नये. आपल्या देशानेही तो अनुभवला आहे. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० साली रद्द झाला; मधल्या काळात चोरट्या सोन्याचा व्यापार किती फोफावला होता, हे त्या पिढीच्या वाचकांना सांगावयास नको.

पण कर अन्यायाचा होता एवढ्याने आपली सुटका होते काय? जॉन वेस्ली यांनी हा प्रश्न टाळला नाही. १७५३ साली ते कॉर्नवॉलमधील सेंट आइव्हज येथे गेले, तेव्हा आपल्या मंडळीतील जवळजवळ सर्वच जण जकात चुकविलेला माल घेतात किंवा विकतात, असे त्यांना आढळून आले. त्यांनी स्पष्ट सांगितले, की हे सोडा. नाहीतर माझे तोंड तुम्हांला पुन्हा दिसणार नाही. १७६७ मध्ये तस्करांना उद्देशून त्यांनी एक छोटी पुस्तिकाही लिहिली. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की बुडविलेला कर शेवटी प्रामाणिक शेजाऱ्याच्याच खिशातून भरून काढला जातो. ‘राजाला लुटले तर कोणाचे काय गेले?’ या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर एका शब्दाचे होते: शेजाऱ्याचे.

शेजारी! येथे आपल्या प्रश्नाची पहिली किल्ली सापडते. गुपित राखताना आपण नेहमी घरातील माणसांचे चेहरे पाहतो. ज्याचे नुकसान होते तो घराबाहेर, अंधारात उभा असतो. त्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही.

तो चेहरा पाहावयाचा असेल तर डॅनियल चेटर या चांभाराची कहाणी ऐका. ऑक्टोबर १७४७ मध्ये हॉकहर्स्टच्या कुप्रसिद्ध टोळीने पूल बंदरातील जकात कचेरी फोडून आपला जप्त झालेला चहा पळवून नेला. परतताना फोर्डिंगब्रिज गावातून त्यांची मिरवणूकच निघाली, आणि लोक कौतुकाने पाहावयास जमले. त्या टोळीत चेटरच्या ओळखीचा एक जण होता. त्याने जाता जाता हात मिळविला आणि चहाची एक पिशवी चेटरकडे फेकली. त्या गरीब मोच्याने खाल्लेले मीठ ते एवढेच. पुढे ही ओळख त्याच्या बोलण्यातून बाहेर पडली, आणि अधिकाऱ्यांनी त्याला साक्षीसाठी गाठले. फेब्रुवारी १७४८ मध्ये विल्यम गॅली नावाच्या जकात कर्मचाऱ्याबरोबर तो साक्ष देण्यास निघाला. वाटेत रोलंड्स कॅसल येथील सराईत दोघे थांबले. सराईच्या मालकिणीचे मुलगे त्याच धंद्याशी संबंधित होते. तिला शंका आली आणि तिने निरोप धाडला. टोळी आली. दोघांना दारू पाजून, घोड्याला बांधून, चाबकाने फोडून काढीत नेण्यात आले. गॅलीला त्यांनी पुरले. चेटरला काही दिवस साखळीने बांधून ठेवून, अखेरीस विहिरीत टाकून वर दगड लोटले. जानेवारी १७४९ मध्ये चिचेस्टर येथे सात जणांना देहान्ताची शिक्षा झाली.

त्या मालकिणीचा विचार माझ्या मनातून जात नाही. ती खुनी नव्हती; ती एक आई होती. तिने केवळ आपल्या घराला जपले. वुडफर्ड पाळकाच्या खिडकीखालची ती शीळ आणि चेटरच्या अंगावर पडलेले ते दगड यांमध्ये एक लांबलचक वाट आहे. पण ती वाट एकच आहे, आणि तिच्यावर पावलोपावली गप्प बसणारी भली माणसे उभी आहेत.

आता आपण मेरीकडे परत येऊ. तस्करी म्हणजे चार पिंपे ब्रँडी, असे मानून ती गप्प राहिली. मग एके दिवशी दारूच्या धुंदीत काकानेच सांगून टाकले, की आम्ही जहाजे खडकांवर आणून फोडतो आणि वाचून किनाऱ्याला येणाऱ्यांना मारतो. खोटे दिवे दाखवून जहाजे बुडविण्याच्या अशा कृत्यांना इतिहासात फारसा पुरावा मिळत नाही. फुटलेल्या जहाजांची लूट मात्र सर्रास होत असे. परंतु कादंबरीतील सत्य निराळ्या जातीचे आहे. घराच्या ज्या गुपिताला मेरी लहान समजत होती, त्याच्या तळाशी प्रेते होती. आणि नाताळच्या आदल्या रात्री तिला ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी लागली.

तुम्ही विचाराल, की मग घरातील प्रत्येक गोष्ट चव्हाट्यावर मांडावी काय? प्रीती दोष झाकते, असे पवित्र शास्त्रच सांगत नाही काय? सांगते, आणि म्हणूनच येथे विवेक हवा. नोहा मद्याच्या गुंगीत उघडा पडला, तेव्हा शेम आणि याफेथ यांनी पाठमोरे जाऊन पित्यावर वस्त्र घातले. बाहेर सांगत सुटलेल्या हामाचे कोणी कौतुक केले नाही. मरीयेविषयी कळले तेव्हा नीतिमान योसेफाने तिची बेअब्रू न करता गुप्तपणेच मार्ग काढावयाचे ठरविले होते. ही मौने पवित्र आहेत. परंतु त्याच शास्त्रात दुसरीही मौने आहेत. योसेफाच्या भावांनी त्याचा झगा बकऱ्याच्या रक्तात भिजवून बापापुढे टाकला, आणि म्हातारा याकोब वीसएक वर्षे शोक करीत असता दहा मुलगे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत गप्प राहिले. आखानाने बाबेलचा झगा, रुपे आणि सोने आपल्या डेऱ्यात जमिनीखाली पुरले. डेरा तोच, चूल तीच, वर अंथरूण तेच. पण आय नगरापुढे छत्तीस माणसे मेली, आणि ती कोणा दुसऱ्यांच्या घरची होती.

या दोन मौनांतील फरक ओळखण्यास माझ्या मते एकच कसोटी पुरते: या मौनाची किंमत कोण देतो? ज्याची लाज झाकावयाची त्याचे रक्षण होते आणि इतर कोणाचेही रक्त सांडत नाही, तेथे मौन हे वस्त्र आहे. जेथे दुबळा, परका किंवा पुढचा बळी ती किंमत देतो, तेथे मौन ही विहिरीवर लोटलेली शिळा आहे. आजोबांचे कधीकाळचे दिवाळे, मावशीचा मोडलेला विवाह, कोणाच्या जन्माची गोष्ट: ही झाकावीत, आणि प्रेमाने झाकावीत. परंतु जो काका पोरक्या भाचीच्या खोलीचे दार रात्री ढकलतो, जो वडील भाऊ विधवा भावजयीच्या हिश्शाचे कागद दाबून ठेवतो, त्यांच्यावर पांघरूण घालणे याला प्रीती हे नाव देता येणार नाही.

आणखी एक अडचण उरते, आणि ती अधिक कठीण आहे. सांगावयाचे तर कोणाला? मेरीने आपले मन उघडे केले ते ऑल्टरनन गावच्या फ्रान्सिस डेव्ही या पाळकापुढे. तो शांत होता, सौम्य होता, त्याने सारे ऐकून घेतले. आणि तोच त्या टोळीचा खरा सूत्रधार निघाला! त्याच्या घरात मेरीला एक चित्र सापडते: उपासनेस बसलेल्या मंडळीला मेंढरांची तोंडे, आणि व्यासपीठावर उभ्या असलेल्या त्याला स्वतःला लांडग्याचे. १९३९ साली आल्फ्रेड हिचकॉकने या कादंबरीवर चित्रपट काढला, तेव्हा हा पाळक वगळून त्याच्या जागी एक जमीनदार घालण्यात आला. कारण धर्मसेवकाला खलनायक दाखविणे अमेरिकेतील तत्कालीन चित्रपटनियमांना मंजूर नव्हते. चित्रपटाने आमची अब्रू राखली, असे कोणी म्हणेल. मला वाटते, त्याने आमचे नुकसान केले. पीडिताने मोठ्या धैर्याने दार ठोठवावे आणि आतील माणसाने प्रथम संस्थेच्या नावाची काळजी करावी, हे केवळ कादंबरीत घडते असे आज कोणत्या मंडळीला छातीठोकपणे म्हणता येईल? मेंढरांनी मेंढपाळावर विश्वास ठेवावा. पण मेंढपाळाने प्रश्न विचारू द्यावेत.

सत्य बोलण्याचीही किंमत असते, हे मला लपवावयाचे नाही. मेरीने धाव घेतली, आणि त्याच रात्री सराईत तिच्या काकाचा व मावशीचा खून झाला. ज्या मावशीसाठी ती इतके दिवस गप्प राहिली ती वाचली नाही. तिने बॅसॅटला पहिल्याच भेटीत सारे सांगितले असते तर? मावशी कदाचित वाचली असती, कदाचित नाही. परंतु नाताळच्या रात्री लाटांत मेलेल्या खलाशांना निदान एक संधी मिळाली असती. उशिरा बोललेले सत्य दोन वेळा किंमत घेते.

हे सारे दूरदेशीचे आणि जुन्या काळचे, असे समजून आपण सुस्कारा सोडू नये. १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडी येथे, शस्त्रे व स्फोटके उतरली. ती आली ती सोन्याचांदीच्या तस्करीने वर्षानुवर्षे मळलेल्या वाटेने. ज्यांनी डोळेझाक करण्याचे पैसे घेतले त्यांत जकात खात्यातील आणि पोलीस दलातील माणसे होती. २००६ साली विशेष न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत २५७ माणसे मृत्युमुखी पडली. एकदा वाट मळली, की तिच्यावरून पुढे काय जाईल हे वाट मळणाऱ्याच्या हाती राहत नाही.

म्हणून, वाचकहो, शेवटचा शब्द अनाथ बहिणींना नव्हे, तर आसरा देणाऱ्या आपणां थोरांना उद्देशून आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी दिवंगत भावाची वा बहिणीची लेकरे वाढली आहेत, वाढत आहेत. त्यांना आपण जेवू घातले, शाळेत पाठविले, त्यांची लग्ने केली. हे पुण्यकर्म आहे. पण त्या अन्नाच्या बदल्यात आपण त्यांच्याकडून मौन तर वसूल करीत नाही ना? ‘आमचे खाऊन आमच्यावरच उलटलीस’ हे वाक्य ज्या घरात एकदा उच्चारले गेले, त्या घरातील पोरके मूल पुन्हा तोंड उघडत नाही. मग त्याच्यावर काहीही बेतो. आसरा हे कर्ज नव्हे, की ज्याचे व्याज गप्प राहून फेडावे.

जागणे म्हणजे झोपेत नसणे. ज्या घरचे मीठ मी खाल्ले, त्या घराला खड्ड्यात पडताना पाहून हाक मारणे, त्याच्यासाठी रडणे, आणि गरज पडली तर त्याच्या दारात बॅसॅटला घेऊन येणे, हेही मिठाला जागणेच आहे. आपल्याला पृथ्वीचे मीठ व्हावयास सांगितले आहे. आणि मीठ, आपण जाणतोच, जखमेला झोंबते. पण अन्न नासू देत नाही.